नांदेड ते किल्लारी, एका गुडघ्यासाठी

“नांदेडला? ऐन मे महिन्यात? तिकडे आहे काय?” निघायच्या आधी पुण्यात जो भेटेल तो हेच विचारायचा. मी म्हणायचे, “एक गुडघा आहे.” लोक हसायचे आणि टोपी, गॉगल, पाण्याची बाटली असले सल्ले देऊन सटकायचे. गुडघ्याबद्दल पुढे कुणी विचारलं नाही, म्हणून आता परत आल्यावर सगळं लिहून काढते आहे.

मी मेकॅनिकलची. इंजिनियरिंग कॉलेजात शिकवते आणि त्याआधी बरीच वर्षं ट्रकच्या चौकटी कुठे वाकतात, कुठे तडकतात, याची गणितं कॉम्प्युटरवर मांडायचे. तिथून हाडांकडे कशी वळले ती गोष्ट लांबलचक आहे, सोडून देऊ. सध्या मी लहान मुलांच्या वाढत्या हाडांची मॉडेलं करते. जन्मताना मेंदूला इजा झालेली मुलं असतात ना, स्नायू आखडलेले, गुडघ्यात वाकून चालणारी, त्यांची. वाढत्या हाडाच्या टोकाशी मऊ कूर्चेची एक चकती असते, तिच्यातून हाड लांब होतं. पोर वाकून चाललं की त्या चकतीवर दाब वाकडा पडतो, मग हाड वाकडं वाढतं, आणि हाड वाकडं म्हणून पोर आणखी वाकून चालतं. हे चक्र पुढे कुठवर जाईल ते कॉम्प्युटरवर आधीच पळवून बघता येतं. ट्रक वाढत नाही, पोर वाढतं, एवढाच काय तो फरक, असं मी पूर्वी वर्गात मोठ्या ऐटीत सांगायचे.

नांदेड

स्टेशनावर फरीदा उभी होती. ही फिजिओथेरपिस्ट, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. जुन्या नांदेडात तिच्या घराण्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान तीन पिढ्यांचं. दोन वर्षं आम्ही फोनवरच बोलत होतो. मुलांचं चालणं ती कॅमेऱ्यात धरायची, स्कॅन मिळवून पाठवायची आणि मी मॉडेल करायचे. फोनवर ती नुसतं कामाचं बोलते, म्हणून मला वाटलं होतं बाई गंभीर असेल. कसली गंभीर! रिक्षात बसल्यापासून जी सुरू झाली ती घर येईपर्यंत.

तिच्या अम्मींनी तहारी केली होती. पुलावाची चुलत बहीण म्हणा, पण हळदीची आणि तिखट. सोबत चिंचेचं आंबट खट्टं. मी सांगलीची, तिखटाची भीती नाही, पण त्या खट्ट्यापुढे हात टेकले. चहा मात्र विचारू नका. साखरेच्या पाकात चहापत्ती बुडवून काढावी तसा. मी कप अर्धा ठेवला तर अम्मी म्हणाल्या, “कामून, आवडला न्हाई? अजून साखर टाकू?” मी घाईघाईने कप रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी फरीदाच्या सेंटरवर गेलो. सेंटर म्हणजे एक लांबट खोली, जमिनीवर गाद्या, मुलांना धरून चालायला दोन आडवे दांडे आणि भिंतीला लावलेला कॅमेरा. मी लॅपटॉप उघडून तिला पल्लवीच्या मॉडेलवरून केलेल्या दोन फिल्मा दाखवल्या. ज्या गुडघ्यासाठी मी आले होते तो हिचा. गाव किल्लारी, वय अकरा. पावणेदोन वर्षांपूर्वी फरीदानेच तिचा स्कॅन करवला होता.

पहिल्या फिल्मेत काही न करता सोडून दिलेला गुडघा. वय पुढे सरकतं तसा तो वाकत जातो आणि शेवटी उभं राहणंच बंद होतं. दुसऱ्या फिल्मेत तोच गुडघा, पण वाढीच्या चकतीवर पुढच्या बाजूने दोन छोट्या पट्ट्या बसवलेल्या. पुढची वाढ रोखली जाते, मागची चालू राहते आणि हाड वाढता वाढता स्वतःच सरळ होतं. छोटी शस्त्रक्रिया, हाड कापायचं नाही. तेराव्या वर्षी पाय सरळ. ही दुसरी फिल्म मला फार आवडायची, खोटं कशाला सांगू.

“सर्जन तयार आहेत,” फरीदा म्हणाली. “पण घरचे तयार न्हाईत. नाही असं बी म्हणत न्हाईत, थांबा म्हणतात. पोरगा डॉक्टर होऊन राहिला, तोच करील म्हणतात बहिणीचं.”

“कुठल्या वर्षाला आहे?”

“कुठल्याच न्हाई. लातूरला क्लास लावलाय. प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसून राहिला.”

माझं डोकंच सटकलं. अजून प्रवेश नाही, मग डॉक्टर, मग हाडांचा डॉक्टर! तोपर्यंत ती पोर बाईमाणूस होईल. चकती काय कुणासाठी थांबते? हाड वाढायचं थांबलं की ती मिटून जाते आणि मग पट्ट्यांचा काही उपयोग नाही. मी एवढं ओरडले की गादीवरचं एक पोर रडायला लागलं आणि फरीदाने मला पाणी आणून दिलं. “हे सगळं मला न्हाई, त्यांना सांगा,” ती म्हणाली. “त्याचसाठी तर तुम्हाला बोलावलं.”

लातूर

लातूरला जायच्या रस्त्यावर मी बाहेर बघायचं सोडून दिलं. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं आणि ऊन. पण लातूर गावात शिरलो आणि सगळीकडून माणसांचे चेहरे माझ्याकडे बघायला लागले. क्लासच्या पाट्या! चार-चार मजली इमारतींवर पोरापोरींचे फोटो, खाली मार्क, प्रत्येकाच्या अंगात डॉक्टरचा ॲप्रन. खाली रस्त्यावर तीच पोरं पाठीला बॅग लावून, मान खाली घालून चाललेली. आमच्या सांगलीत एवढ्या पाट्या फक्त निवडणुकीला लागतात आणि त्यातले चेहरे निदान हसतात तरी.

पल्लवीची आई मुलासाठी खोली घेऊन इथेच राहते. इथे अशा आया पुष्कळ आहेत. बाप गावाकडे शेतात, आई लातुरात भाड्याच्या खोलीत, पोराला घरचं जेवण मिळावं म्हणून. ही बाई आणखी पंधरा-वीस मुलांचे डबेही करते. खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि प्रत्येक वळणावर पाण्याचे निळे ड्रम. मी धापा टाकत पोहोचले आणि पहिला विचार आला, ही पोर इथून खाली कशी उतरत असेल?

“उतरत न्हाई,” आई म्हणाली. “वैभव पाठीवर घेऊन नेतो, रविवारचं.”

खिडकीपाशी पलंगावर पल्लवी बसली होती. चेहरा तरतरीत, हात जरा आखडलेले आणि मांडीवर भावाची जीवशास्त्राची वही. ती प्रश्न विचारत होती, वैभव भिंतीला टेकून उत्तरं देत होता. बोलताना तिचे शब्द ओढल्यासारखे येतात, पण एकदा कान बसला की सगळं कळतं. वैभव चुकला की ती वही वर करून त्याला हलकेच मारायची. उत्तरं तिला त्याच्याआधी पाठ झालेली होती.

“वय किती हिचं?” मी फिल्म सुरू करायच्या आधी सवयीने विचारलं.

“अकरा,” आई कणकेचे हात पुसत म्हणाली. “कार्डावर हाय बगा. एक जून.”

फरीदा हसायला लागली. “मॅडम, आमच्याकडे अर्धा जिल्हा एक जूनला जन्मलाय. मी पण! गुरुजी शाळेत नाव घालताना एक जून टाकून देतात, काम झालं.” आईही हसली, वैभवही. मीही हसले. पुण्यात एकेका पोराच्या वाढदिवसाला हॉल बुक होतात आणि इथे अख्ख्या गावाचा एकच, म्हटलं बरं आहे, केक तरी मोठा आणता येईल. पोळ्या राहिल्यात म्हणून आई परत गॅसपाशी गेली.

मग मी वैभवला फिल्मा दाखवल्या. हा एकोणीस वर्षांचा मुलगा, लहानपणापासून लातूरजवळ मुरुडला मामाकडे शिकायला राहिलेला. बोलणं कमी, नखं खाऊन संपवलेली. चकती पडद्यावर दिसली तसा तो पुढे सरकला. “ही आमाला हाय. एक मार्काला येती,” तो म्हणाला.

पहिली फिल्म निम्म्यावर आली तेव्हा त्याने मला थांबवलं. “इतं ही किती वर्षांची?”

“वीस.”

“मी या साली मेडिकलला लागलो, एकदाबी अडकलो न्हाई, तरी हाडांचा डॉक्टर व्हईपर्यंत ही वीसच्या पुढं जाती.” त्याने बोटांवर परत वर्षं मोजली. “मागच्या साली लागलो असतो तर?”

“तरीही उशीरच झाला असता,” मी म्हणाले. त्याला बरं वाटावं म्हणून नाही, खरंच तसं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की त्याला ते पटलेलं नाही. गेल्या वर्षीचे कमी पडलेले मार्क तो बहिणीच्या गुडघ्यात मोजत बसला होता. मला त्या पोराची फार दया आली आणि त्या पाट्यांचा फार राग आला.

पल्लवीने दुसरी फिल्म मागून घेतली, दोनदा बघितली. मग म्हणाली, “दादा, आत्याला दाखव.”

किल्लारी

डब्यांमुळे आई लातुरातच राहिली, आम्ही चौघं निघालो. का थांबा म्हणतात, हे जीपमध्ये वैभवने सांगितलं. त्याची कमल आत्या त्र्याण्णवच्या भूकंपात सापडली तेव्हा शाळकरी पोर होती. पहाटे घर बसलं, आजी-आजोबा गेले, आत्याचा पाय दगडाखाली राहिला. मदतीच्या तंबूत डॉक्टरांनी तो गुडघ्याच्या वरून कापला. आत्या शुद्धीवर आली तेव्हा पाय नव्हता. वैभवचे बाबा आत्याहूनही लहान, तेव्हा तंबूबाहेर बसलेले. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. तेव्हापासून बहीण-भावाचं ठरलं, घरातला डॉक्टर असल्याशिवाय कुणाच्या हाडाला हात लावू द्यायचा नाही. वैभव चौथीत पहिला आला आणि घरातला डॉक्टर तो ठरला.

नांदेडला मी ज्यांच्या नावाने ओरडले होते ती ही माणसं.

किल्लारी नव्याने वसवलेलं गाव. सरळ रस्ते, एकसारखी घरं, मध्ये भरपूर जागा. आमच्याकडच्या गावांत घरं एकमेकांना खेटून असतात, भांडायलाही बाहेर यावं लागत नाही. इथे शेजाऱ्याला हाक मारायची तर आवाज चढवावा लागतो. झाडं आता मोठी झालीत, घरांना पुढे पत्र्याचे सोपे निघालेत, पण झोपायचा एकही पलंग भिंतीला लागून टाकलेला नाही, हे माझ्या लक्षात आलं.

पल्लवीचे बाबा, दिगंबरराव, दारात उभे होते. त्यांनी मुलीला जीपमधून उचलून आत नेलं, आम्हाला रामराम केला आणि भिंतीला टेकून बसले ते शेवटपर्यंत जवळजवळ बोललेच नाहीत. बोलणार होती ती कमल आत्या. पन्नाशीकडे झुकलेली, उंच, आवाज खणखणीत. कृत्रिम पाय टाकत ती आली, टेचात बसली. “आधी खावा. मग काय ते बोला.” धपाटे, शेंगांची चटणी, घट्ट दही. मी चार धपाटे खाल्ले, पाचव्याला आत्याने विचारलंच नाही, सरळ ताटात टाकलं.

खाणं झाल्यावर वैभवने लॅपटॉप आत्यापुढे ठेवला. मी समजावायला लागले तर म्हणाला, “मॅडम, मी सांगतो.” आणि सांगितलं त्याने. चकती काय, वाढ काय, आपण थांबलो तर काय. “आत्या, मी डॉक्टर व्हईन का न्हाई म्हाईत न्हाई. पर झालो तरी हिच्यासाठी उशिरा व्हईन. माझी वाट बगू नका.”

दिगंबररावांनी तोंड फिरवलं. आत्याने लॅपटॉप जवळ ओढून पडद्यावरचा गुडघा बघितला.

“कापायचं न्हाई ना?” तिने मला विचारलं.

“नाही. दोन पट्ट्या फक्त. नंतर काढूनही टाकायच्या.”

“वाढून आपुआप सरळ व्हतंय?”

“आपोआप.”

“ती निजल्यावर तितं आपलं कोण आसंल?”

“मी,” फरीदा म्हणाली. “आत, तिच्या उशाशी. मला जाऊ देतात.”

आत्याने फरीदाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग पल्लवीच्या गुडघ्यावर हात ठेवला. “हाव. करा मंग.”

काय सांगू! फरीदाने माझा हात एवढा दाबला की बांगडी रुतली. पल्लवी हसत होती, तिचं सगळं अंग हसतं. दिगंबरराव उठून चहा सांगायला गेले. तोही पाकासारखाच गोड होता आणि मी दोन कप प्यायले.

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. पण माझं मेकॅनिकलचं डोकं. मी मघापासून आत्याच्या पायाकडे बघत होते. गुडघ्याचा सांधा जुन्या धर्तीचा, पट्टा नवा, बोल्ट दुसऱ्याच कुठल्या तरी यंत्राचा. मी कौतुकाने विचारलं, “आत्याबाई, किती जुना आहे हो हा? भारी टिकलाय.”

“पल्लीएवढाच,” आत्या पायावर थाप मारून म्हणाली. “हा पाय आला आन आठ दिसांत ही आली. मी म्हणलं, माझा पाय चालता झाला, हिचेबी व्हतील. हिला धरून हुबी करायची ती याच पायाला.”

“म्हणजे अकरा वर्षं.”

“अकरा कुठली? तेरा की.”

मी कप खाली ठेवला. “कार्डावर अकरा आहे.”

“ते कार्डावर. हिला साळंत घातली आठव्या वर्षी, चालंना मनून. आठ म्हणल्यावर गुरुजी पयलीत घेईनात. मंग सहा लिवलं. एक जून टाकला.” तिने आमच्याकडे बघितलं. “का हो? आसं काय बगायलाव?”

वैभव हळूच म्हणाला, “मी मुरुडलाच व्हतो तवा. मी कार्डच धरलं.” आणि मीही कार्डच धरलं होतं. पावणेदोन वर्षं, दोन फिल्मा, शेकडो तास गणित, सगळं त्या एक जूनवर उभं होतं.

फरीदा आत्याला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “पाळी येऊन दोन वर्षं होत आली. आईला ठाऊक आहे. तिथं पोराम्होरं कशी बोलणार ती.”

मुलींची हाडं त्यानंतर फार वाढत नाहीत. वैभवला हे माहीत होतं, तेही एका मार्काला येतं. त्याला मला काही समजवावं लागलं नाही.

परत लातूर

आत्या आमच्याबरोबर लातूरला आली. एक्स-रे काढला. मी मनात म्हणत होते, देवा, माझं चुकू दे, थोडी तरी उघडी असू दे. चकतीच्या जागी एक बारीक पांढरी रेघ होती. मिटली होती ती. एक्स-रे काढणारा माणूस आम्हाला विचारत होता की फिल्म पिशवीत घालून देऊ का, आणि वैभवने ती त्याच्या हातातून तशीच घेतली.

बाहेर बाकावर आत्या बसली, पाय पुढे लांब करून. “आता?”

मी तोंड उघडलं, पण वैभवच बोलला. “आता पट्ट्यांनी हुईना, आत्या. गुडघ्याच्या वरून हाड कापून सरळ बसवावं लागंल.”

गुडघ्याच्या वरून. आत्याचा हात नकळत तिच्या मांडीवर, जिथे पाय संपतो तिथे गेला. “म्या हाव म्हणलं ते न कापायला,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी ऐकून घेतला असता. “दिगंबरला काय सांगू मी?”

फरीदा तिच्याशेजारी जाऊन बसली. जोडतात म्हणून सांगत होती, पाय राहतो, चालता येतं, मी आत असेन. खरं होतं सगळं. मोठी शस्त्रक्रिया आहे, महिनोन्महिने प्लास्टर आणि व्यायाम आहे, पण मुलं चालतात त्यानंतर. आत्या ऐकत होती आणि मान हलवत नव्हती, ना हो, ना नाही. आजही, हे लिहीत असताना, तिचं उत्तर आलेलं नाही. फरीदा दर आठवड्याला फोन करते. थोडं थांबा म्हणतात.

पल्लवी माझ्याशेजारी बाकावर टेकून होती. तिने माझी बाही ओढली.

“मॅडम, ती फिल्म लावा ना. पट्ट्यांची.”

“पल्लवी, ती आता खोटी आहे गं. ती चुकलेली आहे.”

“आसू द्या. लावा.”

मी लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला. गुडघा वाकलेला दिसला, मग हाड वाढत गेलं, हळूहळू सरळ होत गेलं. कोपऱ्यात वयाचा आकडा सरकत होता. शेवटी पाय अगदी ताठ उभा राहिला आणि फिल्म थांबली. तिने आखडलेलं बोट कष्टाने उचलून त्या आकड्यावर टेकवलं.

“तेरा,” ती म्हणाली. “मी तेराचीच हाय की.”